कावळेवालीचे डोळे

ती वीतभर उंचीची होती. राखाडी झगा, कमरेला रुंद पट्टा, उजव्या खांद्यावर कावळा, आणि चेहरा असा की हिचं राज्य कुणीतरी नुकतंच हिसकावलंय आणि ही ते परत घ्यायला निघालीय. परदेशातल्या कुठल्याशा टीव्ही मालिकेतल्या राणीची ती प्लास्टिकची बाहुली. त्या मालिकेत जादूटोणा होता, उडणारे डोंगर होते, असं म्हणत. आम्ही बारा जणी टेबलाला बसून दिवसभर तिला हाताळत होतो, पण मालिका एकीनंही पाहिलेली नव्हती. तिचं खरं नाव खोक्यावर इंग्रजीत छापलेलं असायचं आणि ते म्हणायला गेलं की जीभ अडखळायची. म्हणून टेबलावर तिचं नाव पडलं कावळेवाली. तिच्याबरोबर एक लांब दाढीचा जादूगार यायचा, त्याला आम्ही पेन्शनर म्हणत होतो, कारण दोन महिने पेन्शन न आलेल्या माणसाचा वैताग त्याच्या तोंडावर कायमचा रंगवलेला होता. शिंगवाला राक्षस होता, तो रेडकू. ही सगळी मंडळी न्हावा शेव्याला कंटेनरमधून उतरायची आणि दुकानांत जाण्याआधी आमच्या गोदामातल्या लांब टेबलावर यायची. आम्ही ठरवायचं, कोण पास आणि कोण बाद. नववीतून शाळा सुटलेल्या पोरीच्या हाती कुणाला पास-नापास करायचं काम यावं, याचं तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही.

माझं गाव गंगाखेडच्या पुढे. समुद्र मी चित्रात पाहिलेला. आई आजारी पडली तेव्हा घरात करणारं कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटली, आणि ती बरी झाल्यावर परत जायला माझीच लाज आडवी आली. मामा ट्रेलरवर ड्रायव्हर होता, बंदराच्या फेऱ्या करायचा. त्यानं ओळखीच्या एका कोळी घरात मला आणून ठेवलं, उरणच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. चार महिने राहा, काम बघ, नाही जमलं तर घेऊन जातो, म्हणाला. त्या घरातली सून म्हणजे सुगंधावहिनी. तिनंच मला गोदामात लावलं. घरात वहिनी, तिची सासू हिराबाय, आणि बोटीवर जाणारे दादा, जे महिन्यातले वीस दिवस घरी नसायचे आणि उरलेले दहा दिवस झोपलेले असायचे. हिराबाय बाजारात मासळी विकायची, तिच्या तोंडी म्हावरं. सत्तरीला आली होती, तरी डोक्यावर पाटी घेऊन चालायची तेव्हा मान जरासुद्धा हलायची नाही.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे तांदळाच्या भाकरीवर पडणारा ओला हात, थप थप थप, आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा मऊ. मागच्या अंगणात हिराबायच्या कोयत्याची टक टक. लांबून एखाद्या जहाजाचा भोंगा, आणि दिवसभर कुठे ना कुठे मागे येणाऱ्या ट्रेलरची ती टीं टीं. पहिल्या आठवड्यात वाळत्या जवळ्याच्या, त्या बारीक सुक्या मासळीच्या वासानं मी तीनदा ओकले. लपून ओकले, कारण हाकलून देतील अशी भीती. वहिनीनं काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुरतं वाटीभर वरण वेगळं शिजायला लागलं. पुढे महिन्याभरात मीच बोंबलाच्या कालवणात भाकरी कुस्करून खायला लागले, तेव्हा हिराबाय म्हणाली, चला, बाटली एकदाची. त्या घरी मला कुणी कधी उपकार बोलून दाखवला नाही. तरी मी पिशवी कधी पूर्ण उघडली नाही, कपडे पिशवीतच घडी करून ठेवायचे. कुणाच्या घरी राहताना इतकं भिऊन राहू नये, असं आज वाटतं. भिणारा माणूस घरच्यांना वाटतो त्याहून धोक्याचा असतो.

कामाची रीत अशी होती. पारखून, मोहोर लावून पिशवीत बंद केलेली एक कावळेवाली सुपरवायझर पाटलांच्या कपाटात असायची. तिला पक्का नमुना म्हणत. सकाळी तो सगळ्यांनी पाहून घ्यायचा. मग प्रत्येक बाहुली हात लांब करून धरायची आणि मनात तीन मोजायचे. तेवढ्यात खोट दिसली तर बाद, नाही दिसली तर पास, मग जवळ घेऊन खोट शोधत बसायचं नाही. ही स्वस्तातली बाहुली होती. हिचीच महाग बहीणही यायची, तिच्या केसांची बट न् बट वेगळी रंगवलेली, पण ती दुसऱ्या टेबलावर जायची. मला सुरुवातीला हे कळेना. मी दिसेल ते बाद करत सुटले. पट्ट्याचा रंग केसभर बाहेर गेला, बाद. मांडीवर साच्याची रेघ दिसली, बाद. पाटील येऊन म्हणाले, बाई, आपण सोनाराकडे बसलोय का?

मग वहिनीनं मला शेजारी घेतलं. ती म्हणाली, डोळे मीट आणि हात फिरव. साच्याची रेघ सगळ्यांनाच असते, ती बोटाला लागली तर चालते, बोटात रुतली तर नाही. खांदा फिरवून सोडायचा, हात जागेवर राहिला तर सांधा बरा, लोंबला तर सैल, आणि फिरवताना प्लास्टिक पांढरं पडलं तर उद्या तुटणार. पायाच्या तळव्याला भोक असतं, ते बैठकीच्या खुंटीवर बसवून टेबल हलवायचं, उभी राहिली पाहिजे. झगा चिकट लागला तर रंग कच्चा. आणि एकदा मी एका बाहुलीवर अडून बसले, पट्टा थोडा फिका होता म्हणून, तेव्हा ती जे बोलली त्यावर मी पुढचं सगळं आयुष्य पोट भरलं.

"कालचं म्हावरं कालचं बोलून विकलं तर पाप न्हाय गो. कालचं आजचं बोलून विकलं तर पाप. ही स्वस्त हाय, तर स्वस्त दिसू दे. फसवी नको दिसाला."

स्वस्तपणाची खोट वेगळी आणि फसवणुकीची वेगळी. फिका पट्टा ही किमतीची खोट. पण दोन डोळ्यांतली बुबुळं दोन दिशांना गेलेली असतील तर ती राणीच राहत नाही, मग किंमत काही असो. डोळे कारखान्यात शिक्का मारून छापलेले असायचे, आणि शिक्का जरा सरकला की कावळेवाली एका डोळ्यानं राज्याकडे आणि दुसऱ्यानं कावळ्याकडे बघायची. या कामात मी तरबेज झाले. हात लांब केला की एक मोजायच्या आत मला कळायचं. शाळेत मला कधी कुणी हुशार म्हटलं नव्हतं. इथे पाटील नवीन मुलींना म्हणायचे, तिच्यासारखं बघा. मी वरवर मान खाली घालायचे, पण आतून फुलून यायचे.

आणि वहिनीला जवळचं दिसत नव्हतं. हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. भाताच्या ताटातला खडा तिला दिसायचा नाही, बोटाला लागायचा. बाहुलीचं अंग तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, पण डोळे तिला नुसते दोन ठिपके दिसायचे. चष्मा लावता येत नव्हता, कारण ठेकेदाराचा नियम होता, चष्मेवालीला तपासणीच्या टेबलावर बसवायचं नाही. सहा महिन्यांनी एकदा पाटील बारीक अक्षरांचं एक कार्ड समोर धरायचे आणि शेवटची ओळ वाचायला लावायचे. वहिनीनं रांगेत मागे उभं राहून आधीच्या बायकांचं ऐकून ऐकून ती ओळ पाठ केली होती. घरात भाकरी भाजताना ती कधी कधी गुणगुणायची, "वनात मोर, नळाला पाणी, दगडात साप." मला वाटायचं कोळ्यांचं काही गाणं असेल. एकदा मी विचारलं तेव्हा इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

तिला हे काम का हवं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. खुर्चीवर बसून करायचं काम, गळ्यात ओळखपत्र, वर पंखा. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूची पाटी तिच्या डोक्यावर होती, आणि सुटली तरी ती तिची वाट पाहत होती. हिराबाय म्हणायची, बावल्या बघून कुठं पोट भरतं, आमच्या घरच्या बायकांनी पाटीच धरली. वहिनी उलट बोलायची नाही. मला मात्र एकदा म्हणाली होती, डोक्यावरनं गळणारं ते पाणी मानेवरनं पाठीत उतरतं, ते मी सात वर्षं सोसलंय, आता मेले तरी नाही.

म्हणून आमचं ठरून गेलं, न बोलता. ती अंग बघायची आणि बाहुली सरकवताना माझ्याकडे तोंड करून सरकवायची. मी डोळे बघायचे. डोळे चुकले असले की मी पायानं तिच्या पायाला शिवायचे. दोघींची मिळून एक पारख होती ती, आणि गोदामात आम्हा दोघींइतका नितळ माल कुणाचा जात नव्हता. कुणाला फसवतोय असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

मग माझ्या बहिणीचं लग्न निघालं. मी जाणार नव्हते. वहिनीनंच हट्ट धरला. बहिणीच्या लग्नाला न गेलेली पोर पुढे जन्मभर रडते, म्हणाली. स्वतःची एक न नेसलेली साडी दिली, आमच्याकडे कुणी खाणार नाही हे माहीत असून सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुरचुंडी दिली. आठ दिवस मी गावी होते. त्या आठ दिवसांत टेबलाखाली तिच्या पायाला शिवणारं कुणी नव्हतं. हे मला मांडवात आठवलं, हळद दळताना आठवलं, आणि मी मनाला सांगितलं, आठ दिवसांनी काय होतंय.

महिनाभरानं पुण्याच्या एका मुलानं खोकं उघडतानाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. त्यातून तिरळी कावळेवाली निघाली. मुलगा तिला कॅमेऱ्यासमोर धरून हसायला लागला, आणि त्याच्याबरोबर हजारो लोक हसले. मग आणखी तसेच व्हिडिओ आले. मालवाल्या कंपनीकडून एक साहेब गोदामात आले. पंचविशीचे असतील. त्यांनी ती मालिका पाहिलेली होती. कावळेवालीला त्यांनी ज्या हळुवारपणे उचललं त्यावरून ते कळत होतं, लहान मूल झोपेतून उठू नये असं. ते पाटलांना म्हणाले, स्वस्तातली आहे हे घेणाऱ्यालाही माहीत असतं, पण तो महिनाभर तिची वाट बघतो. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात चांगली नजर कुणाची? पाटलांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

परत आलेल्या मालातल्या वीस बाहुल्या त्यांनी टेबलावर मांडल्या. प्रत्येकीनं आपल्या नंबरचा गोल कागद बैठकीखाली चिकटवायचा. माझा सात, वहिनीचा चार. ते सगळे नंबर त्यांनी पांढऱ्या पट्टीनं झाकले होते. मला म्हणाले, नेहमीसारखं करा, कुणाच्या आहेत ते मनात आणू नका. बाकीच्या मुली लांब उभ्या होत्या. वहिनी त्यांच्यात होती.

इथे मला खरं लिहायचं आहे. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. बाहुली खोक्यात हलू नये म्हणून तिच्या कमरेभोवती तार असते. तपासून झाली की ती तार परत पिळायची. आम्ही सगळ्या उजव्या हातानं पीळ द्यायचो. वहिनी डावखुरी. तिचा पीळ उलटा पडायचा, आणि टोक ती खाली दाबून टाकायची, कुणाला टोचू नये म्हणून. अशी तार गोदामात दुसरी कुणी वळत नव्हती. तिसरी बाहुली हातात घेतली आणि मला तार दिसली. टोक खाली दाबलेलं. मी मान वर केली नाही. हात लांब केला, आणि राणीचा डावा डोळा कावळ्याकडे बघत होता.

मला तीन मोजायचे होते. मी किती मोजले कुणास ठाऊक. पास म्हणता आलं असतं. साहेबांनी भुवई उंचावली असती, पाटलांना वाटलं असतं पोरीची नजर गेली, कदाचित मलाही काढलं असतं. पण भीती एवढीच नव्हती, हे मी कबूल करते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी बरोबर होते. आयुष्यात पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसापुढे मी उभी होते आणि मला उत्तर येत होतं. मी बाद म्हटलं. साहेब नुसते हुं म्हणाले. त्या हुंनं माझं डोकं फिरलं. मग मी एकामागून एक बोलत गेले, पास, पास, बाद, पास, बाद. विसांत आठ बाद काढल्या. त्यातली एक माझ्या स्वतःच्या नंबरची निघाली. साहेब हसले, म्हणाले, ही खरी पारख. उरलेल्या सात बाद बाहुल्यांच्या पट्ट्या त्यांनी एकेक करून काढल्या. चार, चार, चार. पुढचे मी पाहिले नाहीत.

पाटलांनी वहिनीला पुढे बोलावलं. पाटील वाईट माणूस नव्हता, त्याला वाटलं ही बेफिकीर झाली असेल, समज देऊन सोडू. साहेबच म्हणाले, नजर तपासली आहे का? पाटलांनी खणातून कार्ड काढलं. त्याच आठवड्यात ठेकेदारानं नवीन कार्डं पाठवली होती, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. वहिनी ताठ उभी राहिली, डोळे बारीक केले, आणि शाळेतल्या पोरीसारखी एका दमात म्हणाली,

"वनात मोर, नळाला पाणी, दगडात साप."

पाटलांनी कार्ड उलटं करून स्वतः वाचलं, आणि मग त्यांनी ते हळूच खणात ठेवलं. कुणी हसलं नाही. एखादी हसली असती तर बरं झालं असतं. वहिनीला लगेच कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलं ना, असं. ती नजर मी अजून कुठल्याच खणात ठेवू शकलेले नाही.

तिला त्याच दिवशी काढलं, आणि महिनाअखेरीस मला टेबलाची मुख्य केलं. दोन दिवसांनी हिराबायनं पाटीखालची जुनी चुंबळ वहिनीपुढे ठेवली आणि चल म्हणाली, एवढंच. वहिनी पाटी घेऊन तिच्यामागे बाजारात गेली. गल्लीत बायका बोलायला लागल्या, घरात घेतलेल्या पोरीनं घरालाच खाल्लं. वहिनी त्यांच्यावर तुटून पडायची. नंबर झाकलेले होते, तिला काय ठाऊक कुणाच्या, म्हणायची. मी नवं ओळखपत्र गळ्यात घालून त्या गल्लीतून कामाला जायचे आणि ती माझ्यासाठी भांडायची.

असे पंधरा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या अंगणात होतो, बांबूवर टांगलेले बोंबील उतरवत. तिच्या मानेवर चुंबळीनं लाल चट्टा उठला होता. पाठमोरीच होती. बोंबील काढता काढता, जसं काही मीठ आहे का विचारावं तसं तिनं विचारलं.

"तुला ठावं व्हतं का गो, त्या माज्या हायत?"

मी म्हणाले, "नाही, वहिनी."

ती वळली. माझ्या तोंडाकडे तिनं निरखून पाहिलं, अगदी जवळून, जिथून तिला काही दिसत नव्हतं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मना ठावं व्हतं. तू आपली हायस." आणि पुन्हा बोंबलांकडे वळली, हलकी झाल्यासारखी. त्या रात्री जेवताना ती कितीतरी दिवसांनी सासूशी थट्टेनं बोलली.

पावसाळा संपल्यावर मी मामाला सांगून भिवंडीच्या गोदामात गेले. तिथून पुढे आणखी लांब. वहिनीनं दिलेल्या पारखीवर मी आजवर भाकरी खाल्ली, मोठ्या जागेवर बसले, मुली हाताखाली शिकवल्या. तिचा दिवाळीला फोन येतो. काय गो, जेवलीस का, इथपासून सुरुवात करते. दर वेळी मला वाटतं, आज सांगून टाकावं.

पण निघायच्या सकाळी हिराबाय मला पायरीवर भेटली होती. आयुष्यभर म्हावरं पारखलेली बाई. ती वहिनीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली, रागावून नाही, भाव सांगावा तशी.

"तुला ठावं व्हतं. माज्यापासून काय लपवतंस. पन खोटं बोल्लीस ते बरं केलंस, तिचं तेवढंच आता उरलंय. आता कधी खरं बोलाला येव नको. तुजं हलकं व्हईल, तिचं न्हाय."

हिराबाय गेली त्याला बरीच वर्षं झाली. वहिनी वाचत नाही, पण तिच्या शेजारी आता शिकलेल्या पोरी आहेत, आणि त्यांच्यातली एखादी हे तिला वाचून दाखवेल या धास्तीनं हे पान मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं. म्हातारीनं घातलेली एकच अट होती, ती मी मोडली आहे. आणि हलकं मलाही वाटत नाही.